गाडीच्या बैलांचा फुकट दवाखाना : तो चालवतो कोण आणि पैसा येतो कुठून



तोडीची चिठ्ठी आली की आपण पहिली चौकशी करतो ती टोळीची. मुकादम कोण, कोयते किती, गाडी सेंटर आहे की टायर सेंटर, दिवसाला खेपा किती होतील. बैल कसे आहेत हे विचारणारा सभासद विरळा. वास्तविक फडापासून गव्हाणीपर्यंत आपला ऊस येतो तो त्या दोन मानांवर.

गाडीचा एक बैल लंगडला की गाडी उभी राहते. बैल दोन दिवस बसून राहिला की तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळतो. तोडलेल्या उसाचे वजन बसल्या जागी घटते, उताराही खाली येतो, आणि काट्यावर ती घट लागते ती सभासदाच्या नावावर. तेव्हा बैलांच्या औषधपाण्याचा विषय हा नुसता भूतदयेचा नाही, हिशेबाचाही आहे. म्हणून ह्या खेपेस आम्ही खते, बेणे, पाणीपाळी बाजूला ठेवून ह्या विषयाची माहिती देत आहोत.

आपल्या बारामती-इंदापूर भागातले कारखाने घ्या. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. हंगामाच्या दिवसांत ह्या टापूत जे बैल राबतात त्यांतले पुष्कळसे बीड आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतून आलेले असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास यायचे, हंगाम उरकला की परत जायचे. अनेकदा ही जोडी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतूनच विकत घेतलेली असते. म्हणजे बैल अजून फिटायचा असतो आणि त्याच बैलाच्या जिवावर उचल फेडायची असते. गावाकडे डॉक्टर ओळखीचा असतो, उधारीवर चालते. इथे कालव्याकडेला कोपी टाकून राहणाऱ्या माणसाला कोण ओळखतो? खाजगी डॉक्टर बोलवावा तर रोख पैसे लागतात, आणि एक दिवस बैल सोडावा तर खेप बुडते. मग खांदा सुजला तरी गाडी जुंपली जाते. गाडीवान निर्दय असतो म्हणून असे होते, असे समजण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे दुसरी वाट नसते.

नीरेपलीकडची सोय

नीरा ओलांडली की सातारा आणि सोलापूर जिल्हे लागतात. ह्या दोन जिल्ह्यांत, तसेच सांगली व कोल्हापूरकडे ‘ॲनिमल राहत’ नावाची एक धर्मादाय संस्था काम करते. तिकडे सोयरीक असलेल्या सभासदांच्या कानावर हे नाव आले असेल. संस्थेचे काम २००३ साली सांगली भागातून सुरू झाले. त्यामागची मूळ कल्पना इंग्रिड न्यूकर्क यांची. ह्या बाई अमेरिकेतल्या ‘पेटा’ ह्या प्राणीहक्क संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असून लहानपणी काही वर्षे दिल्लीत राहिलेल्या आहेत. तळावर जाऊन काम करणारे डॉक्टर आणि मदतनीस मात्र इकडचेच, मराठीत बोलणारे.

संस्थेचे मुख्य काम साधे आहे. तिचे पशुवैद्य साखर कारखान्यांच्या गाडीतळावर जातात, टोळ्यांच्या कोप्यांवर जातात, आणि गाडीचे बैल तपासून जागेवर उपचार करतात. बैलाच्या धन्याकडून पैसे घेत नाहीत. साखरेचा हंगाम नसेल तेव्हा हेच लोक वीटभट्ट्यांवरची गाढवे, टांग्याची घोडी ह्यांच्याकडे वळतात. विहिरीत पडलेले जनावर काढायला जातात. शाळांमधून मुलांना जनावरांशी कसे वागावे हे शिकवतात. कामातून सुटलेल्या म्हाताऱ्या बैलांसाठी संस्थेने सांगलीकडे आसराही चालवला आहे.

आता तळावर हे डॉक्टर पाहतात काय, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण हे आपल्या दावणीच्या बैलालाही लागू आहे.

पहिली गोष्ट खांदा. जू ज्या जागी बसते तिथली कातडी घासते, सुजते, मग गळू होते किंवा जखम चिघळते. ह्यावर पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे डाग देणे. तापलेल्या लोखंडाने सुजेवर डागले की बरे वाटते असा समज आहे. त्याने सूज उतरत नाही, उलट जखमेत जखम होते. खरा उपाय म्हणजे सूज असेपर्यंत त्या मानेवर जू ठेवायचे नाही, जखम धुऊन औषध लावायचे, आणि जू तासून गुळगुळीत करायचे. ह्यातला ‘जू ठेवायचे नाही’ हा भाग सांगायला सोपा आणि गाडीवानाला पाळायला सर्वांत अवघड.

दुसरी गोष्ट पाय. डांबरी रस्त्यावर पत्री झिजली की बैल घसरतो, आणि भरल्या गाडीखाली घसरलेला बैल उठेलच असे नाही. पत्री वेळेवर बदलणे, खूर साफ ठेवणे, खुराच्या बेचक्यातली जखम वेळीच पाहणे, ही कामे दिसायला किरकोळ आहेत. हंगामातला निम्मा लंगडेपणा इथेच थांबतो असे आमचे मत आहे.

तिसरी वेसण. दोर जाड, मळलेला आणि सारखा ओढला जाणारा असला की नाकपुडी फाटते, त्यात किडे पडतात. ‘राहत’च्या लोकांचा आग्रह असा की वेसणीऐवजी मोरकी वापरावी. मोरकी आपल्याला नवी नाही, कालवडीला आपण घालतोच. पण ऐन जवानीतला खोंड मोरकीवर आवरेल का, ही शंका रास्त आहे. आमच्या मते लहानपणापासून हाताखाली वाढलेल्या बैलाला ती पुरते. बाजारातून नुकत्याच आणलेल्या जोडीबद्दल आम्ही खात्री देणार नाही. तीच गोष्ट खच्चीकरणाची. दगडाने किंवा लाकडाने ठेचून बैल बडवण्याची जुनी रीत आता कोणी ठेवू नये. सरकारी दवाखान्यात भूल देऊन चिमट्याने हे काम होते.

आणि खाणे. हंगामभर हे बैल वाढ्यावर असतात. वाढे पोटभरीचे खरे, पण त्यात ऑक्झलेट असते आणि ते अंगातला चुना बांधून ठेवते. म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, जोडीला थोडा कोरडा चारा, जमल्यास क्षार मिश्रण द्यावे. ज्या सभासदांच्या गोठ्यात हंगामात दुभत्या गाईंनाही वाढेच पडते, त्यांनी हे दोनदा वाचावे.

कायदा आहे, पण

ओझी ओढणाऱ्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे १९६५चे नियम आहेत. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. उष्णता ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. काम नसताना बैल जुवाखाली उभा ठेवायचा नाही. खिळा लावलेली पराणी, काटेरी लगाम, टोकदार जू ह्यांना बंदी. बैलाचा आकार आणि गाडीचे चाक पाहून ओझ्याची मर्यादाही ठरवलेली आहे.

आता आपल्या तळावरची रांग डोळ्यांपुढे आणा. पहाटे तीनला फडात गेलेली जोडी, संध्याकाळी तळावर, आणि काट्याला नंबर लागेस्तोवर रात्र. ९ तासांचा हिशेब कुठे बसतो? मार्चच्या शेवटी आपल्याकडे दुपारचे ऊन किती असते, हे आम्ही सांगायला नको. आणि दंडाचे म्हणाल तर १९६०च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये एवढाच ठेवलेला. चहा-भज्याच्या बिलाएवढ्या दंडाने कोण सुधारतो? म्हणून ‘राहत’सारख्या संस्था पोलिसांची मदत घेत असल्या तरी त्यांचा खरा भर समजावण्यावर आणि फुकट उपचारावर राहिला आहे. ज्याच्या बैलाचा खांदा बरा केला, तो माणूस पराणीचा खिळा काढून टाका म्हटले तर ऐकतो.

पैसा कुठून येतो

फुकट म्हटले की आपल्या लोकांना दोन शंका येतात. एक, औषध हलके असणार. दोन, ह्यात कोणाचा तरी डाव असणार. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

जनावरांसाठी वर्गणी काढणे आपल्याकडे फार जुने आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली सुरू झाला. सर जमशेटजी जीजीभाई हे त्याचे मोठे दाते. पण पांजरपोळ नुसत्या एका शेटजीच्या देणगीवर उभा राहिला नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून घेतला. कापूस, अफू, आणि लक्षात घ्या, साखरसुद्धा. माल विकला की थोडी रक्कम आपोआप पांजरपोळाच्या खात्यावर. आपल्या ऊस बिलातून कपात होते तसाच हा प्रकार, फरक इतकाच की तो व्यापाऱ्यांनी आपणहून मान्य केला होता. पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी मंडळी स्थापन झाली. परळचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले ते दिनशा माणेकजी पेटीट ह्यांच्या देणगीतून, आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांचे नाव आहे. म्हणजे बैलाच्या औषधाचा खर्च कोणी करायचा, ह्यावर बाजाराने आणि दानशूरांनी मिळून दीडशे वर्षांपूर्वीच एक उत्तर काढले होते.

‘राहत’चा पैसा वेगळ्या वाटेने येतो. त्यातला मोठा आधार ‘पेटा’ आणि तिच्या परदेशातल्या देणगीदारांचा आहे. बाकी आपल्याकडच्या शहरांतले लोक. हे बहुतेक लहान देणगीदार असतात, दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवणारे. त्यांतल्या बहुतेकांनी उसाचा फड पाहिलेलाही नसेल.

परदेशातून येणाऱ्या पैशाला सरकारचा चाप आहे. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय असा पैसा घेता येत नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो, त्यातला २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग ऑफिस खर्चाला वापरता येत नाही, आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. देशातल्या देणगीदारांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या ८०-जी कलमाखाली सूट मिळू शकते. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कंपनी कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत प्राणिकल्याण आहे. आपला कारखाना सहकारी संस्था आहे, कंपनी नव्हे, तेव्हा ही सक्ती आपल्याला नाही. खाजगी कारखान्यांना, नफा-उलाढालीच्या मर्यादेत ते बसत असतील तर, आहे.

वर्गणीच्या ह्या पद्धतीत एक गोम आहे, ती सांगितली पाहिजे. शहरातल्या माणसाकडून पैसे यायचे तर त्याला फोटो दाखवावा लागतो. सडलेला खांदा, फाटलेली नाकपुडी, पडलेला बैल. त्या फोटोत कडेला गाडीवान उभा असतो आणि वाचणाऱ्याला तोच गुन्हेगार वाटतो. बैलावर ही वेळ कशामुळे आली ते फोटोत येत नाही. फडातून निघणारी खड्ड्यांची वाट, कालव्यावरचा चढ, तळावरची आठ-आठ तासांची रांग, उचलीचा बोजा, आणि शेवटची एक मोळी वर टाका म्हणणारा शेतकरी, हे कोणाला दिसणार? जखम दाखवून देणगी मिळते, पाणंद मुरुमाने भरली हे दाखवून मिळत नाही. म्हणून संस्था जखम बरी करू शकते, पण जखम होते जिथे ती जागा तिच्या हातात नाही. ती आपल्या बांधावर आहे.

दोन वादाचे मुद्दे

‘पेटा’चे नाव काढले की आपल्याकडे पहिली आठवण होते शर्यतबंदीची. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यती बंद केल्या, त्यात ‘पेटा’ बाजू मांडणारी होती. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. ह्या प्रकरणी आपल्या भागात राग आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण शर्यतीचा बैल आणि उसाच्या गाडीचा बैल ह्यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शर्यतीच्या खोंडाला खुराक, अंगाला तेल, पावसात पत्रा. गाडीच्या बैलाला वाढे आणि उघडा तळ. शर्यतीवरून मतभेद असले तरी तळावर औषध लावायला आलेल्या डॉक्टरला माघारी लावण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

दुसरा मुद्दा यांत्रिकीकरणाचा. बैल जाऊन ट्रॅक्टर यावेत असा संस्थेचा उघड प्रयत्न आहे आणि त्यासाठी ती कारखान्यांशी बोलते. आपल्याकडेही छोट्या ट्रॅक्टरला गाड्या जोडून वाहतूक वाढली आहे, तोडणी यंत्रेही आली आहेत. बैलाची सुटका होते हे खरे. पण जोडीवर घर चालवणाऱ्या गाडीवानाला ट्रॅक्टरचे कर्ज कोण देणार, हा प्रश्न राहतोच. आणि सुटलेल्या बैलाचे काय? मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक राहिलेले नाही. एखाद्या संस्थेच्या आसऱ्याला किती बैल मावणार? बाकीच्यांना धन्यानेच पोसायचे, नाहीतर रस्त्यावर सोडायचे. ह्याचे उत्तर संस्थेकडे पुरते नाही, सरकारकडेही नाही.

मधली एक वाट मात्र इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली दाखवली. दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली त्यांनी एक तिसरे चाक बसवले आणि त्याला ‘सारथी’ नाव दिले. दोन चाकी गाडीत ऊस पुढच्या बाजूला जास्त भरला गेला की तो भार जुवावरून थेट मानेवर उतरतो. हे तिसरे चाक तो भार जमिनीवर घेते. यंत्र असे काही मोठे नाही, आपल्या गावचा फॅब्रिकेशनवालाही बनवू शकेल. टायर सेंटरच्या गाड्या जिथे कारखान्याच्याच मालकीच्या असतात, तिथे अशा काही गाड्यांवर प्रयोग करून पाहायला हरकत नसावी.

आपण काय करू शकतो

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळप उसावर टनाला १० रुपये घ्यायचे सरकारने ठरवले. ते माणसांसाठी, आणि योग्यच आहे. बैलासाठी असे खाते नाही. समजा एखाद्या कारखान्याचे गाळप ५ लाख टन झाले आणि टनामागे फक्त १० पैसे बाजूला काढले, तर ५० हजार रुपये होतात. एवढ्यात तळावर पाण्याचे हौद, थोडी सावली आणि औषधांची पेटी होते. टनाला १ रुपया म्हटले तर ५ लाख होतात, आणि मग हंगामभर एक पशुवैद्य ठेवण्याचा विचार करता येतो. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा लाग ह्याहून वेगळा नव्हता. अर्थात अशी रक्कम काढायची तर वार्षिक सभेची मंजुरी हवी, आणि ऊस बिलातून कपात करायची तर ती नियमांत बसली पाहिजे. अगोदरच कपातींची यादी लांब आहे, त्यात आणखी एक कशाला, असे म्हणणारे सभासद असतील आणि त्यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. कपात नको असेल तर सभासदांनी स्वखुशीने वर्गणी द्यावी, हाही मार्ग मोकळा आहे.

पैशाशिवायही बरेच होते. बाहेरची संस्था किंवा पशुसंवर्धन खाते शिबिर घ्यायला तयार झाले तर त्यांना तळावर जागा, वीज, पाणी आणि रात्री मदतीला दोन माणसे लागतात. दिवसा येऊन उपयोग नाही, कारण बैल दिवसा फडात असतात. रांगेतल्या गाड्यांना नंबरचे टोकन दिले तर बैल सोडून बांधता येतात, आणि जुवाखाली उभे राहणे वाचते. अडीअडचणीला पशुसंवर्धन खात्याची १९६२ ह्या नंबरावरची फिरती सेवा आहे. टोळीतल्या लोकांना हा नंबर माहीत नसतो, तेव्हा तोड सुरू झाली की सभासदाने तो मुकादमाला लिहून द्यावा.

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा बाहेरून आलेल्या बैलांची धास्ती आपण सगळ्यांनी घेतली होती. सरकारने मेलेल्या बैलामागे २५ हजार रुपये मदत ठरवली होती. जोडीच्या किमतीपुढे ती रक्कम किती, हे बाजारात जाणाऱ्याला ठाऊक आहे. लाळ-खुरकूत, लम्पी हे रोग टोळीचा बैल आणि आपली गाय असा भेद करत नाहीत. टोळीचे बैल आपल्याच पाटावर पाणी पितात. टोळी उतरल्याबरोबर त्यांचे लसीकरण तपासणे, राहिले असेल तर करून घेणे, हे आपल्या गोठ्याच्या दृष्टीनेही निकडीचे आहे.

आता शेवटी वाटेविषयी. फडातून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंतचे दोन-चारशे फूट हे बैलाला सर्वांत जड जातात. पाटाचे पाणी तोडीच्या आधी पुरेसे दिवस तोडलेले असावे, म्हणजे चाक रुतत नाही. बांध जिथे ओलांडायचा तिथे उतार करून ठेवावा. गाडी भरताना भार आसावर राहील असा भरावा, पुढे झुकू देऊ नये. ज्या गटांत पाणंद खराब आहे किंवा चारीवरची मोरी खचली आहे, तेथील सभासदांनी तोडणी कार्यक्रम लागण्यापूर्वी गट नंबरासह गट ऑफिसात कळवावे. चिटबॉयजवळ चिठ्ठी दिली तरी चालेल.